रुग्णालयातील वृद्धांच्या तोंडाची काळजी: खाटेजवळ बसणाऱ्या माणसासाठी सविस्तर मार्गदर्शन

घरातील वृद्ध माणूस पक्षाघातासाठी, न्यूमोनियासाठी किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल झाला, की सर्वांचे लक्ष सलाइन, इंजेक्शने आणि रक्ताच्या अहवालांकडे लागते. या धावपळीत रुग्णाचे तोंड दोन-दोन दिवस कुणी उघडूनही पाहत नाही. नातेवाइकांना वाटते की ते सिस्टरांचे काम आहे, आणि एका ड्युटीत पंचवीस-तीस रुग्ण सांभाळणाऱ्या सिस्टर धरून चालतात की नातेवाइकांनी सकाळी दात घासून दिले असतील. आपल्याकडील सरकारी, महापालिकेच्या आणि बहुतेक खासगी रुग्णालयांत रुग्णासोबत घरचे एक माणूस राहतेच, त्यामुळे हे मार्गदर्शन मुख्यतः त्या माणसासाठी आहे. त्याने हे काम मनावर घेतले, तर दिवसातून दोनदा दहा मिनिटे खर्चून एक गंभीर आजार टाळण्यास मोठी मदत होते.

तो आजार म्हणजे रुग्णालयात होणारा न्यूमोनिया. दात, जीभ आणि कवळीवर जंतूंचा चिकट थर सतत साचत असतो. निरोगी माणसाला दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, आणि बोलताना, चावताना, गिळताना ती हा थर बऱ्याच अंशी धुऊन नेते. आजारी वृद्धाचे खाणे-बोलणे थांबते, तो तोंडाने श्वास घेतो, औषधांनी लाळ आटते आणि थोड्याच दिवसांत तोंडातील जंतूंची जातही बदलून रुग्णालयात आढळणारे चिवट जंतू तेथे घर करतात. झोपेत थोडी लाळ अनेक निरोगी माणसांच्याही श्वासनलिकेत उतरते, पण पक्षाघात, पार्किन्सन किंवा गुंगीच्या औषधांमुळे ज्याचा खोकला क्षीण झाला आहे त्याला ती बाहेर टाकता येत नाही, आणि तोंडातील जंतू फुप्फुसात पोहोचतात.

जपानमधील ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या वृद्धांची तोंडे काळजीवाहकांनी प्रत्येक जेवणानंतर साफ केली त्यांच्यापैकी ११ टक्क्यांना, तर इतरांपैकी १९ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. रुग्णालयांतील अनेक चाचण्या एकत्र तपासणारे एक विश्लेषण २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. रोज ब्रशने दात घासून दिलेल्या रुग्णांत न्यूमोनियाचे प्रमाण कमी होते, आणि हा फायदा कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांत सर्वांत स्पष्ट होता, असे त्यात दिसले. तोंड साफ करणे हा उपचाराचा भाग आहे, आणि त्यात मुख्य काम ब्रशच्या घर्षणाचे आहे. जंतूंचा थर औषधी पाण्याने विरघळत नाही, तो घासूनच काढावा लागतो.

दाखल झाल्याच्या दिवशी

पहिल्या दिवशीच मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात तोंड आतून नीट पाहावे. रुग्णाला कवळी असेल तर ती आधी काढावी, कारण बरेचसे त्रास कवळीखालीच दडलेले असतात. वृद्धांच्या तोंडाच्या तपासणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका पद्धतीत आठ गोष्टी पाहतात: ओठ, जीभ, हिरड्या व आतली त्वचा, लाळ, नैसर्गिक दात, कवळी, स्वच्छता आणि दुखणे. हाच क्रम आपण पाळावा. ओठांचे कोपरे फाटले आहेत का, जीभ कोरडी पडून भेगाळली आहे का, हिरड्यांतून रक्त येते का, दाताचे एखादे टोक गालाला लागते का, हे एका कागदावर टिपून ठेवावे.

हलणाऱ्या दाताची तपासणी विशेष काळजीने करावी. शस्त्रक्रिया होणार असेल तर भूलतज्ज्ञ भेटायला येतात तेव्हा हलणारा दात, कॅप किंवा काढता-घालता येणारी अर्धी कवळी यांची माहिती आपणहून द्यावी, कारण श्वासाची नळी घालताना असा दात निखळून श्वासमार्गात जाऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, फिटची फेनिटॉइनसारखी औषधे, रक्तदाबाची अॅम्लोडिपिन आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी घेतलेली इंजेक्शने यांचीही यादी द्यावी. फेनिटॉइन आणि अॅम्लोडिपिनने काही जणांच्या हिरड्या फुगतात. झोलेड्रॉनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब ही हाडांची इंजेक्शने घेतलेल्या रुग्णाचा दात काढल्यावर जबड्याच्या हाडाची जखम बरी होण्यास अडचण येऊ शकते, म्हणून दात काढण्याचा निर्णय हे सांगितल्याशिवाय होऊ देऊ नये.

त्याच दिवशी ड्युटीवरील डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: रुग्णाला पाणी गिळणे सुरक्षित आहे का, आणि प्लेटलेट्स (रक्त थांबवणाऱ्या पेशी) फार कमी आहेत का. पुढची सगळी पद्धत या दोन उत्तरांवर ठरते.

साहित्य

लहान डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश घ्यावा. मेडिकलमध्ये लहान मुलांचा म्हणून मिळणारा ब्रश वृद्धांच्या अरुंद, दुखऱ्या तोंडासाठी उत्तम असतो. सोबत फ्लोराइडची पेस्ट, गॉजचे तुकडे, हातमोजे, छोटा टॉवेल, किडनी ट्रे, पेल्यात थोडे स्वच्छ पाणी, आणि कवळी असेल तर तिच्यासाठी झाकणाचा डबा व वेगळा ब्रश लागतो. फेस न करणारी पेस्ट मिळाली तर गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णासाठी ती निवडावी.

खाटेवरच्या रुग्णाला दंतमंजन लावू नये. कोरडी भुकटी श्वासासोबत आत जाते आणि खरखरीत कणांनी उघड्या पडलेल्या मुळांची झीज होते. मशेरीचा प्रश्न याहून नाजूक आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक आजींना वर्षानुवर्षे मशेरी लावण्याची सवय असते, आणि ‘तेवढेच एक समाधान’ म्हणून घरचे लोक डबी उशाशी आणून ठेवतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू; ती रुग्णालयात देऊ नये. पण ही सवय डॉक्टरांपासून लपवूही नये. मशेरी अचानक बंद झाल्याने आजी बेचैन होतील, चिडतील, त्यांची झोप उडेल, आणि सवयीची माहिती नसेल तर त्या बेचैनीचा अर्थ भलताच लावला जाईल.

बसू शकणाऱ्या आणि गिळू शकणाऱ्या रुग्णासाठी

अशा रुग्णाने शक्यतो स्वतःच्या हाताने दात घासावेत आणि आपण फक्त राहिलेली जागा पूर्ण करावी. सकाळच्या नाश्त्यानंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी, असे दोनदा हे करावे. एकच वेळ साधणार असेल तर रात्रीची साधावी, कारण झोपेत लाळ सर्वांत कमी सुटते. वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ब्रश हिरडी आणि दात जेथे मिळतात त्या रेषेवर थोडा तिरका धरून छोट्या हालचालींनी फिरवावा. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण भरपूर चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. पक्षाघाताच्या रुग्णात दुबळ्या बाजूच्या गालात भाताची शिते, पोळीचे तुकडे आणि कधीकधी सकाळची गोळीसुद्धा अडकून बसते, आणि संवेदना गेल्यामुळे रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. तो गाल प्रत्येक जेवणानंतर बोटाने बाहेर ओढून पाहिलाच पाहिजे.

हिरड्यांतून रक्त येते म्हणून अनेक जण ब्रश करणे सोडून देतात, विशेषतः अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन चालू असेल तर. बहुतेक वेळा साचलेल्या थरामुळे हिरडी सुजलेली असते म्हणून रक्त येते, आणि घासणे थांबवले की सूज वाढते. मऊ ब्रशने हलक्या हाताने घासत राहावे. रक्त काही मिनिटांत थांबले नाही किंवा प्लेटलेट्स फार कमी असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे.

अंथरुणाला खिळलेल्या, नीट गिळू न शकणाऱ्या रुग्णासाठी

सर्वाधिक काळजी येथे लागते, आणि सर्वाधिक हेळसांडही येथेच होते. नाकातून आहाराची नळी (राइल्स ट्यूब) घातली की तोंडाने खाणे बंद होते, आणि ‘काही खातच नाहीत, मग दात कशाला घासायचे’ असा समज होतो. प्रत्यक्षात न चालणारे तोंडच अधिक घाण होते.

ट्यूबमधून आहार दिल्यानंतर लगेच तोंडात ब्रश घालू नये. उमासा येऊन उलटी होऊ शकते. आहार देण्याच्या आधीची वेळ सर्वांत चांगली, नाहीतर निदान तासभर जाऊ द्यावा. हात धुऊन मोजे घालावेत. खाटेची डोक्याकडची बाजू डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तितकी वर करावी आणि रुग्णाची हनुवटी किंचित छातीकडे झुकलेली ठेवावी. मान मागे टाकलेल्या स्थितीत तोंडात पाणी कधीही घालू नये. बसवणे शक्यच नसेल तर रुग्णाला कुशीवर वळवावे, पाठीला उशी लावावी आणि तोंडाचा खालचा कोपरा टॉवेलकडे येईल असे डोके वळवावे, म्हणजे आतले पाणी आपोआप बाहेर ओघळेल. सक्शन मशीन असेल तर सिस्टरांना ते चालवण्याची विनंती करावी.

आता काय करतो आहोत ते रुग्णाला मोठ्याने सांगावे, तो बेशुद्ध वाटला तरीही. प्रथम ओठ ओल्या गॉजने भिजवावेत, कारण कोरडे ओठ ताणले की फाटतात. मग करंगळीने किंवा दुसऱ्या ब्रशच्या दांड्याने गाल हलकेच बाहेर ओढून जागा करावी. बोट गाल आणि दातांच्या मधल्या खोबणीतच ठेवावे, दातांच्या दोन ओळींमध्ये कधीही घालू नये. रुग्ण नकळत जोरात चावू शकतो. ब्रश पाण्यात बुडवून झटकावा, म्हणजे तो फक्त ओलसर राहील, आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट लावावी. मागच्या दाढांपासून पुढे येत आधी बाहेरची, मग आतली बाजू घासावी. प्रत्येक भागानंतर ब्रश पाण्यात धुवावा, झटकावा, आणि सुटलेला फेस बोटाला घट्ट गुंडाळलेल्या ओल्या गॉजने टिपून घ्यावा. सगळे घासून शेवटी एकदाच पुसण्याची पद्धत येथे चालत नाही, कारण तोवर सुटलेली घाण घशाकडे उतरलेली असते.

तोंडाने श्वास घेणाऱ्या रुग्णाच्या टाळूवर चार-पाच दिवसांत एक तपकिरी, सुकलेल्या सायीसारखा पापुद्रा जमतो. त्यात वाळलेला कफ, मेलेली त्वचा आणि जंतू असतात. तो नखाने किंवा कोरड्या गॉजने ओढला तर खालची त्वचा सोलून रक्त येते, आणि सैल झालेला तुकडा घशात पडला तर श्वास अडकतो. अशा वेळी टाळूला पाण्याने किंवा तोंडासाठीच्या पाणी-आधारित जेलने ओलावा द्यावा, पाच मिनिटे थांबावे, मग ओल्या गॉजने किंवा मऊ ब्रशने मागून पुढे गुंडाळत आणावे. पहिल्या दिवशी अर्धाच निघाला तरी हरकत नाही. उरलेला संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी काढावा. घाईने रक्त काढण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

जीभ मध्यापासून टोकाकडे तीन-चार वेळा हलक्या हाताने साफ करावी. धातूची जीभ-घासणी आजारी, कोरड्या जिभेवर वापरू नये. काडीवरचा स्पंज ओलावा देण्यापुरता ठीक आहे, पण तो थर काढत नाही, आणि चावला गेला तर त्याचे टोक तुटून घशात अडकू शकते. सुट्या कापसाचा बोळाही याच कारणासाठी टाळावा. शेवटी ओठांना मलम लावावे. ऑक्सिजन चालू असेल तर व्हॅसलिनऐवजी पाणी-आधारित जेल वापरावे. यानंतर निदान अर्धा तास खाट वर केलेलीच ठेवावी. मधल्या वेळात दर दोन-तीन तासांनी ओल्या गॉजने तोंड ओले करत राहावे.

आणखी एक गोष्ट आस्थेने सांगावीशी वाटते. बेशुद्ध किंवा गिळू न शकणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडात चमचाभर गंगाजल, तीर्थ, मध किंवा तूप घालण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यामागची माया आणि श्रद्धा खरी आहे, परंतु तो चमचा थेट फुप्फुसात जाऊ शकतो, आणि तूप-तेलासारखा स्निग्ध पदार्थ तेथे जाऊन वेगळ्याच प्रकारचा न्यूमोनिया करतो. बोट तीर्थात बुडवून ते ओठांना लावले तर श्रद्धाही जपली जाते आणि रुग्णही.

रुग्ण तोंड उघडत नसेल तर

विसरभोळेपणाचा आजार असलेले किंवा आजारपणात भ्रम झालेले वृद्ध तोंड घट्ट मिटून घेतात, ब्रश चावतात, हात झटकतात. त्यांच्या दृष्टीने एक अनोळखी हात काहीतरी टोकदार वस्तू घेऊन चेहऱ्याकडे येत असतो. त्यामुळे उभे राहून वरून वाकण्याऐवजी त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर, किंचित बाजूला बसावे. ब्रश आधी त्यांना दिसू द्यावा, त्यांच्या हातात द्यावा आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवून तो तोंडाकडे न्यावा. आयुष्यभराची सवय हाताला आठवते आणि पुष्कळदा तोंड आपोआप उघडते. ‘आई, आता फक्त खालचे दात’, ‘अप्पा, एवढी एकच बाजू राहिली’, अशी छोटी वाक्ये बोलावीत. एकाच वेळी दोघा-तिघांनी सूचना देऊ नयेत.

तरीही नकार आला तर जबरदस्तीने जबडा उघडू नये. वीस मिनिटांनी किंवा वेगळ्या माणसाने पुन्हा प्रयत्न करावा, आणि दिवसातील ज्या वेळी रुग्ण सर्वांत शांत असतो ती वेळ यासाठी राखावी. कालपर्यंत तोंड उघडणारा माणूस आज उघडत नसेल, तर दुखणे हेच कारण आधी गृहीत धरावे आणि डॉक्टरांना तोंड पाहायला सांगावे. गुटखा किंवा सुपारी खाण्याची सवय असलेल्या रुग्णाचे तोंड आतून आखडलेले असू शकते. त्याला दोन बोटांएवढेही तोंड उघडता येत नाही आणि त्यात हट्टाचा काही भाग नसतो.

कवळी

कवळी हरवण्याची एक नेहमीची तऱ्हा आहे. रुग्ण जेवताना ती काढतो, कागदी रुमालात गुंडाळून ताटात ठेवतो, आणि मावशी ताट उचलतात तेव्हा ती खरकट्यात जाते. नवी कवळी तयार व्हायला बरेच दिवस लागतात, तोवर रुग्ण पातळ पदार्थांवर राहतो आणि अशक्तपणा वाढतो. म्हणून पहिल्याच दिवशी डब्यावर रुग्णाचे नाव, वॉर्ड आणि खाट क्रमांक पक्क्या शाईने लिहावा, आणि कवळी एकतर तोंडात किंवा त्या डब्यात, तिसरीकडे कुठेही नाही, हा नियम ठेवावा. शस्त्रक्रियेसाठी नेताना ती काढून घरच्या माणसाकडे द्यावी आणि केसपेपरवर तशी नोंद करून घ्यावी.

कवळी टॉवेल अंथरून किंवा पाणी भरलेल्या भांड्यावर धरून धुवावी, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. साधा साबण आणि तिच्यासाठीचा ब्रश वापरावा. पेस्टमुळे तिच्यावर बारीक ओरखडे पडून त्यांत जंतू साचतात, आणि उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो. रात्री ती काढून स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावी. जपानमध्ये ८५ वर्षांवरील वृद्धांच्या अभ्यासात कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला होता. गुंगीत असलेल्या रुग्णाची अर्धी कवळी दिवसाही काढून ठेवावी, कारण ती लहान असते, गिळली जाऊ शकते आणि तिचे तारेचे आकडे अन्ननलिकेत रुततात.

औषधी पाणी आणि घरगुती उपाय

क्लोरहेक्सिडिन हे चुळा भरण्याचे जंतुनाशक औषध अनेकदा सरसकट लिहून दिले जाते. हिरड्या सुजल्या असतील किंवा ब्रश करणेच अशक्य असेल तेव्हा ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरते उपयोगी आहे. पेस्ट वापरल्यानंतर निदान अर्धा तास जाऊ द्यावा, कारण पेस्टमधील घटक त्याचा परिणाम कमी करतात. फार दिवस वापरल्यास दात तपकिरी होतात आणि चव बिघडते. ज्याला थुंकता येत नाही त्याला चुळेचे कोणतेही औषध देऊ नये. अतिदक्षता विभागात श्वासयंत्रावर असलेल्या रुग्णाचे तोंड परिचारिकाच साफ करतात. अमेरिकेतील संसर्ग-नियंत्रण तज्ज्ञांच्या २०२२ च्या सूचनांत अशा रुग्णांसाठीही रोज ब्रश करण्याचा सल्ला आहे, तर क्लोरहेक्सिडिनने तोंड साफ करण्याची शिफारस केलेली नाही. लिंबू आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण कोरड्या तोंडाला लावण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. लिंबाच्या आम्लाने दात झिजतात आणि तोंड पुढे अधिकच कोरडे पडते. दम्याचा स्टेरॉइड पंप किंवा वाफ घेतल्यावर प्रत्येक वेळी चूळ भरावी, किंवा तोंड ओल्या गॉजने पुसावे.

डॉक्टरांना लगेच दाखवावे असे बदल

जिभेवर किंवा गालात दह्याच्या कणांसारखे पांढरे थर दिसले, ते पुसले जात असले आणि खाली लाल, चुरचुरणारी त्वचा दिसली, तर ती बहुधा बुरशी असते. प्रतिजैविके, स्टेरॉइड आणि मधुमेह यांमुळे ती वृद्धांत वारंवार होते आणि औषधाने बरी होते. मात्र कवळीवर बुरशी राहिली तर ती परत येते, म्हणून कवळीही निर्जंतुक करून घ्यावी. पुसला न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात, कर्करोगाच्या शंकेने तपासलीच पाहिजे. पाणी कमी पडलेल्या वृद्धाच्या कानापुढे अचानक दुखरी सूज आली आणि ताप चढला, तर लाळग्रंथीत पू झालेला असू शकतो. जबड्याखाली वाढणारी सूज आणि गिळण्यास किंवा श्वासास त्रास, ही तर तातडीची अवस्था आहे; राउंडची वाट न पाहता त्याच क्षणी सिस्टरांना बोलवावे.

पाळी बदलताना आणि घरी जाताना

रात्री मुलगा, दिवसा सून, दुपारी शेजारचे काका, अशी माणसे बदलत असतात, आणि प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने केले असेल. खाटेजवळच्या वहीत तारीख, वेळ, कोणी तोंड साफ केले आणि काय दिसले, एवढी एक ओळ लिहावी. डॉक्टर राउंडला आले की ही वही दाखवावी.

सुट्टीच्या दिवशी कवळी, तिचा डबा आणि ब्रश बॅगेत गेले का ते पाहावे, आणि तोंडातील बुरशी किंवा संसर्ग बरा झाल्यानंतर नवा ब्रश घ्यावा. हलणारा दात, किडलेले मूळ किंवा सैल कवळी यांची नोंद डिस्चार्ज कार्डावर करून घ्यावी आणि प्रकृती स्थिरावल्यावर दंतवैद्याकडे जावे. कमी खर्चात उपचार हवे असतील तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये तसेच मुंबई महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय येथे बाह्यरुग्ण विभाग आहेत. जाताना औषधांची यादी आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दात काढण्यासाठी आपल्या मनाने बंद करू नयेत. त्या थांबवायच्या की नाहीत हे दंतवैद्य आणि हृदयाचे किंवा मेंदूचे डॉक्टर मिळून ठरवतील.